मजबूत पंख का मोडले

मिग-२१ जवळून पाहिलेला माणूस मला हमखास एक प्रश्न विचारतो. शेपटीच्या दोन्ही आडव्या पंखांच्या टोकांना पुढे रोखलेली जी टोकदार दांडकी आहेत, ती कसली? कुणाला ती बंदुकीची नळी वाटते, कुणाला अँटेना. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केल्यामुळे लग्नकार्यातसुद्धा हा प्रश्न माझ्या ताटापर्यंत येतो. ती नुसती वजनं आहेत, असं सांगितलं की विचारणाऱ्याचा विरस होतो. ज्या विमानात थोडंसं वजन वाचवण्यासाठी डिझाइनवाले डोकं फोडून घेतात, त्याच्या अगदी टोकाला मुद्दाम वजन का लावायचं? कारण ते काढलं तर शेपटी एका विशिष्ट वेगाला थरथरायला लागेल आणि बघता बघता तुटेल. याला आमच्या धंद्यात फ्लटर म्हणतात.

मी गणितातला माणूस नाही. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये निघाला, आराखडे रशियातून आले, आणि आमचं काम हातांचं होतं: रिव्हेट मारणं, जोडणं, तपासणं. माझी बहुतेक नोकरी तपासणीत गेली. तपासनीसाला एक खोड लागते. वस्तू बरोबर आहे की नाही एवढ्यावर त्याचं भागत नाही, ती अशीच का, हेही त्याला हवं असतं. फ्लटरचा इतिहास मी त्या खोडीपायी वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. पंख मोडला की हाताखालच्या फिटरपासून वरच्या साहेबापर्यंत सगळे एकच म्हणतात: कमी पडला, आणखी जाड करा. या धंद्यात हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरला आणि एकदोनदा जीवघेणा.

सुरुवात १९१६ ची, इंग्लंडची. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. हँडली पेज कंपनीने ओ/१०० नावाचं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान केलं होतं. पंखांचा पसारा शंभर फूट. ते उडायला लागलं आणि वेग वाढला की त्याची शेपटी पिळवटायला लागली. अख्खं धड ओल्या कपड्यासारखं एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पिळलं जायचं. पहिला संशय अर्थातच इंजिनांवर गेला. इंजिन धडधडतं, त्याची धडधड धडाच्या स्वतःच्या लयीशी जुळली असेल, असा तो तर्क. चौकशीसाठी फ्रेडरिक लँचेस्टर यांना बोलावलं. हा गृहस्थ मुळात मोटारी बनवणारा, पण हवेच्या बलांवर १९०७ मध्येच त्याने ग्रंथ लिहिला होता. असा दोन्हीकडचा माणूस सापडला हे त्या विमानाचं नशीब.

लँचेस्टर यांच्या लक्षात आलं की इंजिनाचा यात काहीच हात नाही. शेपटीला डावा आणि उजवा असे दोन एलिव्हेटर होते, नाक वर-खाली करणारे हलते पाट. दोन्ही वैमानिकाच्या दांड्याला जोडलेले, पण आपापल्या वेगळ्या तारांनी. तारा लांब, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या. त्यामुळे डावा वर आणि उजवा खाली असं होऊ शकत होतं. तसं झालं की हवा शेपटीला पिळायची, धड पिळलं की पाट पुन्हा उलटे हलायचे, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत न्यायचं. लँचेस्टर यांनी धड जाड करायला सांगितलं नाही. दोन्ही एलिव्हेटर एका ताठ नळीने एकमेकांना जोडा म्हणाले. एक वर गेला तर दुसराही वर, दुसरा मार्गच नाही. दुखणं गेलं.

त्याच वर्षी लिओनार्ड बेअरस्टो आणि आर्थर फेज यांनी या दुखण्याचं गणित मांडलं. फ्लटरचं कागदावर केलेलं ते पहिलं गणित मानलं जातं. तरी पुढच्याच वर्षी डी.एच.-९ या विमानात हेच झालं, माणसं गेली, आणि उपाय पुन्हा तोच निघाला. युद्धात एका कंपनीचा अनुभव दुसरीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो याचा हा नमुना.

वाऱ्यात मुळात लय नसताना वस्तू लयीत का हलते, हे समजायला विमान लागत नाही. लासलगावच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेल्या ट्रॉलीवरची सैल ताडपत्री पाहा. ट्रॅक्टर एका वेगाने चालला आहे, वारा समोरून एकसारखा येतो आहे. तरी ताडपत्री ठेक्यात आपटत असते. ती जराशी उचलली जाते तेव्हा तिच्या भोवतीची हवा बदलते, बदललेली हवा तिला आणखी ढकलते, मग ती परत फिरते. वेग कमी केला की शांत होते. एका वेगापलीकडे गेलात तर दोरी तोडते.

विमानाचा पंख दोन तऱ्हांनी हलू शकतो: वर-खाली वाकू शकतो आणि स्वतःभोवती पिळला जाऊ शकतो. एकट्या वाकण्याला हवा सहसा आवर घालते. पण वाकणं आणि पिळणं यांची वेळ एका विशिष्ट रीतीने जुळली तर पंख वर जाताना हवा त्याला वर ढकलते आणि खाली येताना खाली. मग प्रत्येक फेरीत समोरच्या वाऱ्यातली शक्ती पंखात साठत जाते. मजबुती वाढवून यातून सुटका होत नाही, कारण इथे भार ठरलेला नसतो. पंख जितका जास्त हलेल तितका भार जास्त.

मजबुतीच्या हट्टाची सर्वांत कडवट गोष्ट जर्मनीची आहे. १९१८ च्या ऑगस्टमध्ये फोकर कंपनीचं नवं एका पंखाचं लढाऊ विमान, ई-५, आघाडीवर पोचलं आणि काही दिवसांतच त्याचे पंख हवेत तुटायला लागले. विमानं जमिनीवर उभी केली गेली. सरकारी चौकशीने कारागिरीवर बोट ठेवलं: पंख नीट बांधलेले नव्हते. फोकरने मात्र पुढे आपल्या आत्मचरित्रात वेगळंच सांगितलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळ पंख व्यवस्थित होता. नियमावर बोट ठेवून लष्करी अधिकाऱ्यांनी मागची तुळई पुढच्याइतकी मजबूत करायला लावली. तशी केली आणि पंखाच्या पिळण्याचा आस मागे सरकला. आता भार वाढला की टोकं वरच्या बाजूला पिळली जात, पिळली की आणखी भार घेत, आणि शेवटी तुटत. फोकर स्वतःची बाजू मांडण्यात पटाईत होता, त्यामुळे त्याचं सगळं मी जसंच्या तसं घेत नाही. पण त्याने सांगितलेली यंत्रणा खरी आहे. एका जागी जाडी वाढवल्याने पंख कमकुवत होऊ शकतो. वाळूच्या पिशव्या रचून पंखाचा भार तपासणाऱ्या लोकांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

आता मिगच्या त्या दांडक्यांकडे. त्यांचा शोध हॉलंडमधला. १९२२ च्या सुमारास व्हान बेर्केल कंपनीच्या एका समुद्री विमानाचे पंख आणि एलेरॉन थरथरायला लागले. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते पाट, विमान डावी-उजवीकडे कलवणारे. ही कंपनी मांसाच्या पातळ चकत्या कापायची यंत्रं आणि तराजू यांसाठी ओळखली जाते, विमानं हा तिचा थोड्या दिवसांचा उद्योग. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या दोघांनी प्रयोग केले, गणित केलं, आणि १९२३ मध्ये लंडनच्या परिषदेत मांडलं. त्यांचं म्हणणं असं: एलेरॉन बिजागरीवर टांगलेला असतो आणि त्याचं बहुतेक वजन बिजागरीच्या मागे असतं. पंख झटक्यात वर गेला की हा जड मागचा भाग मागे राहतो, म्हणजे खाली लोंबतो. मागची कड खाली गेली की पंखाला मिळणारी उचल वाढते. म्हणजे पंख वर जात असतानाच त्याला वरून आणखी ओढ मिळते. बिजागरीच्या पुढे वजन लावून पाट तोलून धरा, तो मागे राहणार नाही आणि पंख व पाट यांचा हा कट शिजणारच नाही. तराजूवाल्यांच्या विमानाचं दुखणं तोलाने बरं व्हावं, यात गंमत आहे.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक विमानाच्या कार्यशाळेत हलत्या पाटांचा तोल बघितला जातो. पाट बिजागरीच्या बिंदूंवर मोकळा ठेवायचा, मागची कड किती जड भरते ते मोजायचं, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहायचं. माझ्यासमोर एकदा एका जुन्या शिकाऊ विमानाचा एलेरॉन आला. कुठल्याशा हँगरमध्ये त्याच्या मागच्या कडेला ठिगळ लावलं होतं आणि वर रंगाचे थरांवर थर चढवले होते. दिसायला नव्यासारखा. मी तो तोलावर ठेवायला सांगितला तेव्हा आमचे रंगारी मामा हसले. म्हणाले, "साहेब, रंगाला कसलं आलंय वजन?"

"मामा, बिजागरीपासून हातभर मागे आहे ते. तुम्हीच बघा काटा."

काट्याने मर्यादा ओलांडली होती. मामांनी त्यानंतर रंग खरवडल्याशिवाय पाटावर नवा हात मारला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही मारू दिला नाही. हलक्या विमानांच्या मालकांना हौसेने नवा रंग देताना हे आजही सांगावं लागतं.

इथवरची माणसं मला माझ्या बिरादरीतली वाटतात. पुढची गणितातली आहेत, त्यांच्यापाशी मी अंग चोरून उभा राहतो. तरी त्यांनी शोधलेली मूळ गोष्ट सांगण्यासारखी आहे: हवा उशीर करते.

पंखाचा कोन एकदम बदलला तर त्याला मिळणारी उचल एकदम बदलत नाही. हर्बर्ट वाग्नर याने १९२५ मध्ये हिशेब करून दाखवला की पहिल्या क्षणी फक्त निम्मी उचल मिळते. कोन बदलताना पंखाच्या मागच्या कडेतून एक भोवरा सुटतो. तो जवळ असेपर्यंत पंखाच्या उचलीला मागे खेचत राहतो. पंख पुढे जाईल तसा भोवरा मागे पडतो आणि उरलेली उचल हळूहळू भरत येते. पंखाच्या रुंदीच्या दहापट अंतर कापल्यावरही ती पुरती भरलेली नसते, नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. स्थिर उडणाऱ्या विमानाला याचं काही नाही. पण सतत थरथरणाऱ्या पंखाच्या मागे दर फेरीला नवे भोवरे पडत असतात आणि त्याला प्रत्येक क्षणी जुन्या हालचालींची बाकी चुकवावी लागते. उचल हालचालीच्या मागे राहते आणि हा उशीरच ठरवतो की हवा पंखाला आवर घालणार की भर देणार.

वाग्नरच्या थोडं आधी ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली वाल्टर बिर्नबाउम याने हलत्या पंखाचं गणित धरलं होतं. थरथर किती जलद आणि विमान किती वेगात, यांचं गुणोत्तर महत्त्वाचं, हे त्याने दाखवलं. सगळी गाठ एकत्र सोडवली ती थिओडोर थिओडोर्सन याने. जन्म नॉर्वेचा, नोकरी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत. १९३५ मध्ये छापलेला त्याचा अहवाल क्रमांक ४९६ या धंद्याचा पाया आहे. वाकणं, पिळणं आणि एलेरॉन या तिन्ही हालचाली त्याने एका चौकटीत बसवल्या. हवेच्या उशिराचा सगळा कारभार एका फलनात आणला. अगदी सावकाश हालचालीला त्याची किंमत एक, अतिजलद हालचालीला अर्धा. वाग्नरचा तोच अर्धा, दुसऱ्या दाराने आलेला.

तरी मला कुणी विचारलं की या इतिहासात मोठं कोण, तर मी थिओडोर्सनच्या आधी फ्रेझर आणि डंकन यांची नावं घेईन. हे दोघे लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत होते. लहान नमुने वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून ते काय होतं ते पाहत. १९२८ मध्ये त्यांनी पंखांच्या फ्लटरवर जो ग्रंथ लिहिला त्याला इंग्रज इंजिनिअर फ्लटरचं बायबल म्हणत. त्यात गणित आहेच, पण डिझाइन करणाऱ्याने काय करावं आणि काय टाळावं हेही आहे. गणित न येणाऱ्यालाही ते वाचून विमान सुरक्षित करता येत होतं. जाताजाता त्यांनी मॅट्रिक्स नावाचं शुद्ध गणितातलं हत्यार इंजिनिअरांच्या हातात दिलं. १९३८ मध्ये कॉलर यांच्यासह लिहिलेलं त्यांचं त्यावरचं पुस्तक पुढे खूप वापरलं गेलं.

डंकन यांना लवकरच एका वेगळ्याच थरथरीला तोंड द्यावं लागलं. २१ जुलै १९३० रोजी फ्रान्सहून क्रॉयडनला येणारं युंकर्स एफ-१३ हे प्रवासी विमान केंट परगण्यात मीओफम गावावर हवेतच फुटलं. सहाही माणसं गेली. मृतांत डफरिनचे तिसरे मार्क्विस होते. हे नाव आपल्याला परकं नाही. त्यांचे वडील लॉर्ड डफरिन १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. आईच्या नावाने निघालेल्या निधीतून आपल्याकडे बायकांची इस्पितळं झाली, सोलापूरचा डफरिन चौक अजून त्याच नावाने ओळखला जातो, आणि मुंबईत माझगावला नांगरलेल्या 'डफरिन' जहाजावर १९२७ पासून आपली पोरं दर्यावर्दी झाली. मोठ्या लोकांचा अपघात म्हणून चौकशी कसून झाली आणि तिचा निष्कर्ष लोकांपुढे मांडला गेला. निष्कर्ष असा: ढगातल्या जोरदार झोताने विमानाचा कोन एकदम वाढला, पंखावरून वाहणारी हवा सुटली, आणि त्या सुटलेल्या खवळलेल्या हवेने मागच्या शेपटीला झोडपून काढलं. इथे शेपटी स्वतःहून थरथरत नव्हती. पंखाने बिघडवलेली हवा तिच्यावर येऊन आदळत होती. इंग्रजीत याला बफेटिंग म्हणतात आणि तेव्हापासून शेपटी पंखाच्या वाटेतून कुठे ठेवायची हा डिझाइनचा स्वतंत्र प्रश्न झाला.

जर्मनीत १९३५ च्या सुमारास फॉन श्लिपे याने एक धाडसी पद्धत काढली. विमान हवेत असताना पंखाला यंत्राने मुद्दाम हलवायचं, वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा, आणि थरथर किती वाढते यावरून धोक्याचा वेग आधीच ताडायचा. १९३८ मध्ये याच चाचणीत चार इंजिनांचं युंकर्स-९० कोसळलं आणि वर गेलेले शास्त्रज्ञही गेले. पद्धत मात्र राहिली. सुधारून आजही वापरतात.

मधेच एक तक्रार. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल ताशी ६८ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला. त्याची फिल्म सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि कितीतरी पाठ्यपुस्तकांत त्याच्या चित्राखाली अनुनादाचं उदाहरण असं छापलेलं असतं. वाऱ्याची लय पुलाच्या लयीशी जुळली, असं मुलांना शिकवतात. पण पूल पिळायला लागल्यावर स्वतःच स्वतःच्या हालचालीतून वाऱ्याची शक्ती ओढून घेत होता. हँडली पेजच्या शेपटीबाबत इंजिनाला निर्दोष ठरवताना लँचेस्टर यांनी हेच सांगितलं होतं, चोवीस वर्षं आधी. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एवढी ओळ दुरुस्त करून शिकवावी.

दुसऱ्या युद्धानंतर फ्लटरवाल्यांना वाटायला लागलं की आता आपल्याला बहुतेक सगळं कळलं. १९५९ मध्ये लॉकहीड कंपनीचं इलेक्ट्रा हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं नवंकोरं प्रवासी विमान सेवेत आलं. २९ सप्टेंबर १९५९ रोजी ब्रॅनिफ कंपनीच्या इलेक्ट्राचा पंख टेक्ससमध्ये हवेत निखळला. १७ मार्च १९६० रोजी नॉर्थवेस्टच्या इलेक्ट्राचा इंडियानात. सरकारने विमानं बंद केली नाहीत, वेगावर मर्यादा घातली. लॉकहीड, बोइंग आणि लँग्लीची माणसं कामाला लागली. लँग्लीत नुकत्याच उभारलेल्या मोठ्या बोगद्यात नमुना टांगून पाहिला आणि गुन्हेगार सापडला. इंजिनाचा फिरणारा पंखा खेळण्यातल्या भोवऱ्यासारखा असतो, त्याला धक्का बसला की त्याचा आस गोल गोल डोलायला लागतो. इंजिनाची बैठक शाबूत असेल तर डोलणं लगेच विरतं. एखाद्या दणकट उतरण्यात ती बैठक सैल झाली असेल तर डोलणं विरत नाही, ते मंदावत मंदावत पंखाच्या स्वतःच्या लयीला येऊन मिळतं आणि पंख तोडतं.

या वेळी उपाय म्हणून खरोखरच बैठका, इंजिनाचं आवरण आणि पंखाचा सांगाडा ताठ केला गेला. जाड करणाऱ्यांचं म्हणणं एकदा तरी खरं ठरलं म्हणायचं, पण नेमकं कुठे ताठ करायचं हे बोगद्याने सांगितल्यावर. इलेक्ट्रा पुन्हा पूर्ण वेगाने उडायला लागलं आणि त्याच सांगाड्यावर बेतलेलं ओरायन हे टेहळणी विमान पुढे अनेक देशांच्या नौदलांनी वापरलं.

पंख्याच्या या डोलण्याचं वर्णन टेलर आणि ब्राऊन यांनी १९३८ मध्येच एका लेखात करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात बैठका पुरेशा ताठ असतात, तेव्हा हा प्रश्न कागदावरचाच, असं समजून तो बाजूला पडला. ब्रॅनिफच्या विमानात ३४ माणसं होती, नॉर्थवेस्टच्या विमानात ६३. त्या ९७ जणांचा हिशेब मागायचा झाला, तर मी तो पंख बांधणाऱ्या कामगारांकडे मागणार नाही, तो लेख वाचून मिटून ठेवणाऱ्यांकडे मागेन.